मागच्या सीटवरचे हात

माल-सुनताईला कुणी काही फुकट दिलं तर ती ते आधी उलटं करून बघते. एकदा मी तिच्या वाटीत किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, जरा जास्त वाढली, तर म्हणाली, "आंबत चाललीय वाटतं." मी चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, उलट माझ्या न बोलण्यामागे काय डाव आहे असं तिने येऊन मलाच विचारलं.

स्वभाव मुळातला, आणि धंद्याने तो पक्का केला. जन्मभर तिने शिंपल्या खणून विकल्या. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, मान खाली घालून शिंपल्यांची श्वासाची भोकं शोधायची. विकायला बसली की एकेक शिंपली दुसरीवर वाजवून बघायची. जिवंत शिंपली टणक वाजते. आत नुसता चिखल भरलेली बद्द वाजते. दिसायला दोघी सारख्याच. अशी एक जरी माझ्या पातेल्यात उघडली तर अख्खा रस्सा ओतून द्यावा लागतो, म्हणून मी माल तिच्याकडूनच घ्यायचे. ती माणसंही तशीच वाजवून घेते, हे त्यासोबत सोसायचे.

मग समुद्राला बांध घातला गेला. आतला चिखल सुकला, त्यावर गवत उगवलं, आणि गवतावर विमानं आली. मोठी नाहीत. वर कापडाचा त्रिकोणी पंख, खाली तीन चाकांची उघडी गाडी, मागे घरघरणारा पंखा. दोन माणसं बसतात, एकामागे एक. मी, दोक-जा, त्या मैदानाच्या कडेला शेवयांचं दुकान चालवते. उडणारी माणसं वरूनच वॉकीटॉकीवर सांगतात, उतरतोय, दोन वाट्या टाक. चाकं टेकेपर्यंत माझ्या शेवया शिजलेल्या असतात.

या मैदानावर शिकवणारा जे-ह्योक हा माल-सुनताईचा जावई. हे-रिन तिची एकुलती एक मुलगी. हे-रिनचे वडील तिच्या लहानपणीच गेले. चिखलावर धुकं उतरलं, भरती आली, आणि त्यांना किनारा कुठल्या बाजूला आहे तेच कळलं नाही. त्यानंतरही ताई त्याच चिखलात उतरत राहिली, कारण पोरीला शाळेत घालायची होती.

शरदातल्या सणाला जे-ह्योकने सासूला कौतुकाने एक चक्कर मारून आणलं. ती उतरून सरळ माझ्या दुकानात आली आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, चक्कर आली. मग म्हणाली, गवताखाली पाण्याच्या सगळ्या जुन्या वाटा वरून अजून दिसतात. कुठली कुणाची, कुठे पाय रुततो, सगळं तिने ओळखलं होतं. आणि मग म्हणाली, "मला हे स्वतः उतरवायचंय."

उडवायचंय असं नाही म्हणाली, हे लक्षात घ्या. उडतात काय, चिमण्याही उडतात. तिचं म्हणणं असं की या जागेवर मी रोज माझ्या पायांनी उतरायचे, आता म्हातारपणी कुणीतरी मला उचलून खाली ठेवतो, ते मला नको. मी म्हटलं, ताई, साठी उलटली तुझी, गुडघे बघ. ती म्हणाली, विमान गुडघ्यांनी चालवत नाहीत.

शिकवणी सुरू झाली. आता आमच्याकडे जावई म्हणजे शंभर वर्षांचा पाहुणा, जन्मभर मानाचाच. तो दारात आला की सासूने कोंबडी कापायची, ही रीत. त्याला ओरडून बोलायचं नाही. आणि जावयानेही सासूसमोर मान वर करायची नाही. जमिनीवर हे ठीक आहे. विमानात अशी दोन माणसं एकामागे एक बसवली तर काय होणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

उतरण्याची गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते, करायला मात्र जीव जातो. हातात एक आडवा दांडा असतो. तो अंगाकडे ओढला की नाक खाली जातं आणि वेग वाढतो. पुढे ढकलला की नाक वर येतं आणि वेग मरतो. जमीन जवळ आली की नजर लांब, धावपट्टीच्या पार टोकाला ठेवायची आणि दांडा हलक्या हाताने पुढे द्यायचा, म्हणजे विमान गवतावर अलगद बसतं. नजर पायाखाली गेली की संपलं. जमीन अंगावर येतेय असं वाटतं, माणूस घाबरून दांडा आधीच ढकलतो, विमान वर उसळतं, वेग मरतो आणि ते दगडासारखं खाली येतं.

आणि माल-सुनताई चिखलवाली. चाळीस वर्षं तिने पायाखाली सोडून दुसरीकडे पाहिलंच नव्हतं. जमीन जवळ आली की तिची मान आपोआप खाली जाणार, हे देवालाही टाळता आलं नसतं.

दुसऱ्या शिकाऊंवर जे-ह्योक असा खेकसतो की दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाचा घास हातात राहतो. सासूला मात्र तो म्हणायचा, "आई, तुम्हाला हरकत नसेल तर जरा लांब नजर टाकता का?" हे वाक्य पुरं होईपर्यंत चाकं टेकलेली असायची. आणि गंमत म्हणजे चाकं सुरेख टेकायची. पहिल्या आठवड्यापासून सुरेख. मैदानावरचे जुने लोक माना डोलवायला लागले, सासूबाईंच्या हातात जादू आहे म्हणाले. जे-ह्योक उतरून दोन्ही हातांनी तिचं हेल्मेट घ्यायचा आणि म्हणायचा, "आई, सगळं तुम्हीच केलंत." आणि ताई घरी जाऊन कोंबडी कापायची.

वसंत आला आणि तिचा चेहरा बदलला. एक दिवस ती माझ्या दुकानात आली, शेवया घेतल्या आणि तशाच ठेवल्या.

"दोक-जा, कुठेतरी पाणी मुरतंय."

मी विचारलं कुठे. तिने नेहमीप्रमाणे हळू आवाजात, दाराकडे बघत सांगितलं. म्हणाली, शंभर शिंपल्यांत एक तरी चिखलाची निघतेच. मग माझं एकही उतरणं वाईट कसं नाही? मी म्हटलं, ताई, चांगलं झालं तरी तुला दुखतं. ती म्हणाली, "दांडा माझ्या हाताआधी हलतो. मी ढकलायचं मनात आणते आणि तो निघालेला असतो."

मागे बसणाऱ्यासाठी, म्हणजे शिकवणाऱ्यासाठी, दांड्याला दोन वेगळ्या मुठी असतात, तिच्या खांद्यांच्या दोन्ही बाजूंनी मागे गेलेल्या. पुढच्याला मागचं काही दिसत नाही. हेल्मेट घालून मान वळवणं तर बाजूलाच. जे-ह्योक सांगायचा की माझे हात मांडीवर असतात. तिने खाली मान घालून हो म्हणायचं. जावयाला खोटारडा कसं म्हणणार?

मला पहिल्यांदा राग आला तिचाच. पोरगा बिचारा पहाटे उठून तिच्यासाठी विमान बाहेर काढतो आणि ही त्याला पाण्यात पाहते. मी तसं तोंडावर बोलले. ती शांतपणे म्हणाली, "तुझी मिरचीची चटणी दे थोडी."

गोचुजांग आमच्याकडे प्रत्येक घरात असते, लाल, चिकट, मधासारखी. ती बोटभर घेऊन गेली. मी काय करणार विचारलं नाही, आणि खरं सांगते, उत्तर ऐकायला नको होतं म्हणूनच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जे-ह्योक इंधन आणायला गेला तेव्हा तिने मागच्या दोन्ही मुठींना खालच्या बाजूने चटणीचा पातळ हात दिला. काळं रबर, वरून काहीच दिसेना. आणि जे-ह्योकच्या हातात नेहमीचे पांढरे सुती हातमोजे, इथे शेतापासून गोदीपर्यंत सगळे घालतात तसले.

ते उडाले, एक फेरी मारली, लोण्यासारखे उतरले. जे-ह्योक नेहमीसारखा हसत दुकानात आला. "आईंनी आज कमाल केली, मावशी. मी नुसता बसलो होतो." ताई त्याच्यासमोर बसली. तिने ओला टॉवेल दोन्ही हातांनी, अगदी मानाने, पुढे केला.

"जावईबापू, हात पुसून घ्या."

त्याने हात पुढे केले आणि बघतच राहिला. हातमोज्यांच्या दोन्ही तळव्यांवर लाल पट्टे. त्याने हातमोजा नाकाशी नेला. मिरचीचा वास तर लहान पोरालाही कळतो. मी चुलीकडे तोंड केलं, पण कान इकडेच होते.

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्या हातांकडे बघत बसली, तिच्या शिंपल्यांकडे बघते तशी. मग म्हणाली, "एक तरी मी उतरवलं का?"

तो गुडघ्यांवर बसला. फरशीवर, माझ्या शेवयांचं पाणी सांडलेल्या जागी. "नाही, आई."

मग सगळं बाहेर आलं. पहिल्या धड्याच्या आदल्या दिवशी हे-रिनने त्याच्याकडून वचन घेतलं होतं. बाबांना त्या जागेने नेलं, आईला मी देणार नाही. तिला हौस आहे तर फिरवून आण, पण तिला उतरवता येऊ देऊ नकोस. आलंच नाही तर ती एकटी कधी जाणार नाही. आणि जे-ह्योकला वाटलं, सासूला वाईट उतरवू द्यायचं, लोकांसमोर आपटू द्यायचं, वर तिला चार शब्द सुनवायचे, त्यापेक्षा हे सोपं. बायकोचं वचन राहतं, सासूचा मान राहतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झालेली.

मला त्या क्षणी दोघांचा राग आला, हे-रिनचाही. पण ताईचा चेहरा बघून माझा राग कुठल्या कुठे गेला. ती म्हातारी दिसत होती. सबंध हिवाळा ती स्वतःच्या हातांवर खूश होती, आणि ते हात तिचे नव्हतेच.

त्या रात्री कोंबडी कापली गेली नाही. जावयापुढे नुसता भात आणि मुळ्याची किमची आली, हे मला हे-रिनकडूनच कळलं. हे-रिन चिडून दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली, आईला समजाव म्हणाली. मागोमाग ताई आली. मायलेकी माझ्या दुकानात उभ्या, आणि गिऱ्हाइकं वाट्यांत डोकं खुपसून बसलेली.

हे-रिन म्हणाली, "मी तुला जपत होते, आई."

"हे जपणं? मला येतं असं मला वाटतंय, आणि येत काहीच नाही. उद्या तुझा नवरा मागे बसल्याबसल्या चक्कर येऊन पडला, तर मी त्याला कशी खाली आणू? माझ्याबरोबर तोही जाईल. तुझ्या बाबांनाही वाटायचं, मला वाट येते. त्या धुक्यात त्यांना वाट येत नव्हती, बाळा. येते असं वाटत होतं, तेवढंच."

हे-रिन दाराकडे वळली. ती बाहेर जाऊन बांधाकडे बघत उभी राहिली. माझा हात चुलीवर पोळला तेव्हा कळलं की मीही तिकडेच बघत होते.

शेवटी हे-रिनने नवऱ्याला वचनातून सोडवलं, पण सोडवलं म्हणजे तोंडाने. आणि ताईने जावयाला अट घातली. तिच्या डोक्यातून असली अट निघू शकते, दुसऱ्या कुणाच्या नाही. म्हणाली, मला मागचं दिसत नाही, आणि तुमच्या शब्दावर आता माझा भरवसा नाही, राग मानू नका. तुम्ही दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवायचे. उतरेपर्यंत. मला वजन कळलं पाहिजे.

आमच्याकडे जावयाने सासूच्या खांद्यावर हात ठेवायचा म्हणजे काय, हे मी सांगायला नको. त्याचे कान लाल झाले. मैदानावरचे लोक दुसरीकडे बघायला लागले. पण तो बसला, आणि त्याने हात ठेवले. जसे काही गरम तव्यावर ठेवतोय.

वारा अजिबात नव्हता, म्हणून तर तो तयार झाला. मी दुकानाच्या दारात उभी. विमान समुद्राकडून वळून आलं, खाली आलं, आणि मला इथूनही दिसलं की ताईचं हेल्मेट खाली झुकलं. बघत होती ती, भोकं शोधत होती. विमान उसळलं, वर जाऊन क्षणभर लटकलं. जे-ह्योकने झडप घालून मुठी धरल्या, बोलायचं बटण तिथेच असतं, ते त्याच्या अंगठ्याखाली दाबलं गेलं, आणि सगळ्या मैदानाला, माझ्या फळीवरच्या वॉकीटॉकीला आणि आत जेवणाऱ्या प्रत्येकाला ऐकू आलं.

"पायाखाली काय बघतेस? लांब बघ, लांब! शिंपल्या शोधतेस काय तिथे?"

दुकानात एक चमचा खाली पडला. सासूला. एकेरी. जे-ह्योकने पंख्याचा जोर वाढवून विमान वर घेतलं, दुसरी फेरी मारली आणि कसंबसं उतरवलं. जे-ह्योक पांढराफटक पडून खाली आला, कमरेत वाकला तो वर होईना. ताई त्याच्या बाजूने निघून माझ्याकडे आली. तिचे गाल लाल होते आणि मी तिला इतकं खूश सबंध वर्षात पाहिलं नव्हतं.

"दोक-जा, बाजारात जातेस ना? जावयासाठी कोंबडी आण. मोठी बघून."

तिथून पुढे खरं शिकणं सुरू झालं, आणि ते बघवत नव्हतं. ती उसळली, आपटली, एकदा वाकडी धावत जाऊन माझ्या कोबीच्या वाफ्यात शिरली. कोबीचं मी अजून बोलून दाखवते. जे-ह्योक तिच्यावर सगळ्यांसारखा खेकसायला लागला, आणि खाली उतरला की पुन्हा आई, तुम्ही, दोन्ही हातांनी हेल्मेट. वर एक माणूस, खाली दुसरा. हात मात्र खांद्यांवर. ताई सांगायची की त्याची बोटं रुततात, कधी कधी वळ उठतात, पण निघत नाहीत. हळूहळू रुतायची थांबली. तरी ती समाधानी नव्हती. एकदा मला म्हणाली, "खांद्यावरच्या हातानेही सांगता येतं गं. डावा जड झाला की मी डावीकडे बघते. हे त्याचंच उतरवणं."

मग एकच उपाय होता, आणि तो काय हे तिघांनाही ठाऊक होतं. त्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

पेरण्या आटपल्या तेव्हाची सकाळ. जे-ह्योक तिच्याबरोबर दोनदा उतरला, तिसऱ्यांदा धावपट्टीच्या टोकाशी थांबून मागच्या सीटवरून खाली उतरला. पट्टे बांधून टाकले, म्हणजे मोकळे फडफडायला नकोत. तिच्या हेल्मेटवर दोनदा थापटलं आणि चालत माझ्या दुकानाकडे आला. ताईने एकदा मान वळवायचा प्रयत्न केला, हेल्मेटमुळे वळली नाही, आणि ती निघाली.

हे-रिन तिथेच होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तरी आली होती. विमान वर गेलं तसं तिने माझे दोन्ही दंड धरले, इतके घट्ट की मला सोडवूनही घेता आले नाहीत. जे-ह्योकच्या हातात वॉकीटॉकी होती. एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्याशी तो खालून सतत बोलत असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ओढ, थांब, आता दे. ताई समुद्राकडून वळली. त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेली, थांबला, आणि मग ती बायकोच्या हातात दिली.

"आईंना काही सांगायचं असेल तर तू सांग. मी सांगितलं की ते त्यांचं उतरवणं राहत नाही."

हे-रिनने बटणावर अंगठा ठेवला. मला वाटलं, ही आता ओरडणार, आई परत वर जा, आई लांब बघ. विमान खाली येत होतं. वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी पिशवी जरा हलली, पंख डावीकडे कलला, सरळ झाला. हे-रिनचा अंगठा पांढरा पडला होता, पण बटण खाली गेलं नव्हतं. मी ताईच्या हेल्मेटकडे बघत होते. ते वर होतं. ते वरच राहिलं.

चाकं टेकली, एक उडी मारली, पुन्हा टेकली. सुरेख नव्हतं. डाव्या बाजूला बरंच पुढे धावून विमान गवतात उभं राहिलं.

ती उतरली आणि हेल्मेट काढून, घामाने डोक्याला चिकटलेल्या केसांनी, आमच्याकडे चालत आली. डोळ्यांत तोच जुना संशय. आनंद नाही, काही नाही. मैदानावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले होते, तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. सरळ जावयासमोर उभी राहिली.

"खालून काय सांगितलंत? मला नीट ऐकू आलं नाही. शेवटी शेवटी काय म्हणालात?"

"मी काही नाही म्हटलं, आई. वॉकीटॉकी माझ्याकडे नव्हतीच."

ती मुलीकडे वळली. वॉकीटॉकी हे-रिनच्या हातात, अंगठा अजून बटणावर.

"मग तू बोललीस."

"नाही आई."

"काहीच नाही? एक शब्द?"

"काहीच नाही. मी फक्त बघत होते."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. ती उगाच विमानाकडे बघायला लागली, मग स्वतःच्या हातांकडे. दोन्ही तळवे उलटे केले, सुलटे केले. आणि तिथेच, गवतावर बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही. हे-रिन तिच्याशेजारी बसली.

"म्हणजे मीच उतरवलं," ताई म्हणाली.